एक गळा, पाच मते

आमच्या तासगावाकडे माणसाला दम लागू लागला, की त्याला दमा झाला असे समजतात. त्यात कोणाचा फारसा दोष नाही. दोन्ही शब्द एका घरातले; दम लागतो तो दमा, इतके सरळ निदान करायला डॉक्टर तरी कशाला हवा? माझ्या बाबतीत ते आधी सासूबाईंनी केले, मग शेजारच्या काकूंनी केले, आणि सगळ्यांत शेवटी पदवीची पाटी लावलेल्या एका गृहस्थांनी केले. फरक एवढाच, की सासूबाईंनी अडुळशाचा काढा दिला आणि डॉक्टरांनी निळा पंप दिला. काढ्याने निदान तोंड कडू तरी व्हायचे; पंपाने तेही होत नसे.

ही २०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी एका खासगी शाळेच्या बालवाडीत शिकवते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आता ज्याला दहावी म्हणतात तेवढे. वर बालवाडीचा एक लहानसा अभ्यासक्रम. दुपारी शाळा सुटल्यावर मी कादंबऱ्या लिहिते. त्यांतल्या दोन छापून आल्या आहेत, आणि त्या वाचलेली माणसे अधूनमधून मला बाजारात भेटतात. पण पोट चालते ते गळ्यावर. बालवाडीच्या बाईचे सगळे भांडवल गळ्यात असते. तिथे पुस्तक नाही, वही नाही, फळ्यावरचे अक्षर वाचणारे कोणी नाही. जे काही शिकवायचे ते गाऊन, ओरडून, कुजबुजून, वाघ होऊन आणि चिमणी होऊन. आणि पोरांचा सूर उंच. त्यांच्याबरोबर गायचे तर बाईलाही वर चढावे लागते. बाई खालच्या सुरात गायला लागली, की पोरे एकमेकांकडे बघतात आणि गप्प होतात. हे कुठल्या अभ्यासक्रमात सांगितलेले नाही, पण कोणत्याही बालवाडीच्या बाईला विचारा.

तर त्या पावसाळ्यात माझ्या गाण्याच्या ओळी मध्येच तुटू लागल्या. जी ओळ एका दमात व्हायची तिला दोन दम लागू लागले, पुढे तीन. शाळेचा जिना चढून वर गेले, की पहिली पाच मिनिटे मी मुलांना डोळे मिटून बसायला सांगत असे. त्यांना तो खेळ वाटे. निळ्या पंपाचा भगवा झाला, भगव्याचा जांभळा झाला. डॉक्टर दर खेपेला रंग बदलून देत आणि धूळ टाळायला सांगत. खडूची धूळ, बेदाण्याच्या शेडवरची धूळ, रस्त्याची धूळ. तासगावात राहून धूळ कशी टाळायची ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

अडीच वर्षे अशी गेली. मग एके दिवशी पहिल्या रांगेतल्या एका चार वर्षांच्या पठ्ठ्याने गाणे थांबवले आणि विचारले, "बाई, तुमच्या गळ्यात शिट्टी हाय व्हय?"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या जाईना. पोरगे "गळ्यात" म्हणाले होते. "छातीत" म्हणाले नव्हते. आणि रात्री निजल्यावर मी स्वतःचा श्वास ऐकला तेव्हा ध्यानात आले, की ही शिट्टी श्वास सोडताना वाजते तशी घेतानाही वाजते, आणि तिची जागा कंठाच्या थोडी खाली, जिथे मंगळसूत्राची वाटीही पोचत नाही, तिथे आहे.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. या गृहस्थांनी पहिली गोष्ट केली ती ही, की मला पुरते बोलू दिले. मग छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि ती उचलून सरळ गळ्यावर ठेवली. अडीच वर्षांत माझ्या गळ्याला नळी लागली ती त्या दिवशी. "छाती तुमची साफ आहे," ते म्हणाले. "आवाज वरून येतोय." नंतर त्यांनी मला एका यंत्राच्या तोंडात जोरात फुंकायला आणि तितक्याच जोरात श्वास ओढायला लावले. यंत्राने कागदावर एक वळसा काढून दिला. निरोगी माणसाची रेघ, त्यांनी समजावले, डोंगरासारखी टोकाला चढते आणि उतरते. दमेकऱ्याची चढते, पण उतरताना झोळीसारखी खाली लवते. माझ्या रेघेला टोकच नव्हते. श्वास सोडतानाचा माथा मसाई पठारासारखा सपाट, आणि ओढतानाचा तळही सपाट. वाटेत कुठेतरी एक अशी अरुंद जागा आहे जी फुंकताना रुंदावत नाही आणि ओढताना मिटत नाही, असा त्या पठाराचा अर्थ. एवढे सांगून ते म्हणाले, "इथून पुढे माझ्या हातात काही नाही. घशाच्या डॉक्टरांकडे जा. आजच जा." आपल्या हातात काही नाही हे सांगणे हेही एक वैद्यकीय मतच आहे, आणि पाचांपैकी मला सर्वांत उपयोगी पडले ते हेच.

मिरज हे गाव मोठे मजेचे आहे. इथे एकीकडे दवाखान्यांच्या रांगा आणि दुसरीकडे तंबोरे-सतारी करणाऱ्यांची सतारमेकर गल्ली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे येऊन राहिले, १९३७ साली गेल्यावर इथल्याच दर्ग्यात विसावले, आणि दर वर्षी त्यांच्या नावाने तिथे गाणे होते. गळ्याचे दुखणे घेऊन हिंडायला याहून योग्य गाव मला सुचत नाही.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून एक बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. हे बघण्याची युक्ती पहिल्यांदा साधली ती कोणा डॉक्टरला नव्हे, हे मला मागाहून कळले आणि फार बरे वाटले. १८५४ साली पॅरिसमध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गाणे शिकवणाऱ्या स्पॅनिश मास्तराने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर उन्हाचा कवडसा पाडला, आणि स्वतःचे जिवंत, हलते स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. हा मास्तर पुढे एकशे एक वर्षे जगला. गळ्याची काळजी घेतल्यावर असेही होते म्हणायचे!

पडद्यावर आधी दोन पांढऱ्या फिती दिसल्या, उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. हे माझे स्वरतंतू. ते ठणठणीत होते. त्यांच्या बोटभर खाली मात्र, जिथे काळोखी विहीर दिसायला हवी, तिथे गुलाबी-पांढऱ्या मांसाचे एक कडे होते आणि मधोमध वाटाण्याएवढे भोक. त्या भोकातून मी तीन वर्षे श्वास घेत होते, जिना चढत होते, वाघ होत होते.

त्या जागेची एक खुबी डॉक्टरांनी सांगितली. श्वासनलिकेत कूर्चेची जी कडी असतात ती घोड्याच्या नालासारखी, मागून उघडी. फक्त स्वरयंत्राला लागून असलेले सर्वांत वरचे कडे पुरते गोल. अंगठीसारखे, म्हणून त्याचे नावही अंगठीवरून पडले आहे. बाकी ठिकाणी आत सूज आली, व्रण भरून आला, तर नळीला थोडे पसरायला वाव असतो. अंगठीत तो नाही. आत जे वाढेल ते वाटच खाणार. नंतर काढलेल्या सीटी स्कॅनने आकडा दिला: चौदा मिलिमीटरची वाट सहावर आली होती.

मी शिक्षिका आहे. आकडा दिसला, की त्रैराशिक मांडते. चौदाचे सहा म्हणजे निम्म्याहून थोडे कमी, असे आधी वाटले. पण वाट गोल असते. चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव, सहाचा छत्तीस. म्हणजे मोकळी जागा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. त्यातून हवेचा हिशेब आणखी क्रूर. संथ वाहणारी हवा धरली, तर नळी निम्म्याने अरुंद झाल्यावर तेवढ्याच जोराने जाणारा प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. या अरुंदपणाच्या चार इयत्ता ठरलेल्या आहेत. अर्ध्यापर्यंत बंद ती पहिली, सत्तर टक्क्यांपर्यंत दुसरी, तिथून नव्व्याण्णवपर्यंत तिसरी, आणि चौथी म्हणजे वाटच नाही. माझी तिसरी. डॉक्टरांनी आणखी एक अंदाज दिला. वाट आठ मिलिमीटरच्या खाली गेली, की माणसाला चढणीवर धाप लागते. पाचाच्या खाली गेली, की बसल्या जागी शिट्टी वाजते. मी सहावर होते. माझ्या आणि त्या पाचाच्या मध्ये एक मिलिमीटर होता. वहीच्या दहा-बारा कागदांची जाडी.

त्यांचे मत असे, की गळ्याला बाहेरून भोक पाडून नळी बसवावी आणि मग पुढचे सावकाश बघावे. तेच सगळ्यांत सुरक्षित. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत बसलो. गळ्यात नळी घालून बालवाडी कशी शिकवायची, हा प्रश्न मी विचारला नाही. तो त्या खोलीत विचारण्याजोगा वाटला नाही.

घरी आल्यावर मते येऊ लागली, आणि तीही फुकट. नणंदबाईंच्या गावाला एक बुवा गळ्यावर हात फिरवून गाठी जिरवतात. मुख्याध्यापकांच्या मते हे सगळे थंड पाण्याने झाले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "भोक पाडायचं ते शेवटी. आधी आणखी कुणाला तरी इचारा." आमचे हे बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब लिहितात. त्यांनी बोलणेच संपवले. "बागेत डाऊनी आला तर आपण तीन सल्लागारांना फोन करतो," ते म्हणाले. "आणि हा गळा काय बागेपेक्षा स्वस्त आहे?" वीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या गळ्याला दिलेली ही पहिली दाद.

पुण्याला गेलो ते एप्रिलमध्ये. रुग्णालय काचेचे होते, आत केवड्याचा वास होता, आणि शल्यचिकित्सकांना वेळ फार थोडा होता. पण त्यांनी जे सांगितले ते स्वच्छ सांगितले. रोगट भाग पुढून कापून काढायचा, अंगठीची पुढची बाजू आणि खालची एखाद-दुसरी कडी, आणि खालची चांगली नळी वर ओढून स्वरयंत्राला शिवायची. कॅनडातल्या पिअर्सन नावाच्या शल्यचिकित्सकाने १९७५ साली स्वरयंत्राच्या नसा वाचवून ही शस्त्रक्रिया कशी करावी ते दाखवले, तेव्हापासून ती होते आहे. शिवण ताणू नये म्हणून आठ-दहा दिवस हनुवटी छातीशी टाक्याने बांधून ठेवतात. म्हणजे माणूस तेवढे दिवस आपल्याच पोटाकडे बघत बसतो. मग कायमची सुटका. "आणि आवाज?" मी विचारले. "थोडा बदलतो. जीव महत्त्वाचा ना?" ते म्हणाले. मी आणखी एक प्रश्न विचारला: असे किती गळे तुम्ही शिवलेत? तो त्यांना आवडला नाही. बाहेर टेबलापाशी बसलेल्या मुलीने साडेतीन लाखांचा कागद दिला आणि मंगळवारी दाखल व्हा म्हणून सांगितले.

"जीव महत्त्वाचा ना?" या वाक्याला उत्तर नसते. म्हणूनच ते मला खटकले. जिवाच्या जोडीला बाकी काहीही ठेवले तरी ते हलकेच भरणार. पण माझ्यापुढे जीव एका पारड्यात आणि आवाज दुसऱ्यात असे अजून कोणी ठेवलेच नव्हते. आणखी काही पारडी आहेत का, तेच तर मला जाणून घ्यायचे होते.

मंगळवारी आम्ही दाखल झालो नाही. मे महिन्यात महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर बसून मुंबईला गेलो. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नंबर लावला तो सकाळी सातला; आत बोलावले तेव्हा दीड वाजला होता. बाकावर माझ्यासारखे आणखी चार-पाच जण शिट्ट्या वाजवत बसले होते. त्यांतला एक तरुण करोनात महिनाभर व्हेंटिलेटरवर होता. नळीने जीव वाचवला आणि जाताना वाटेत व्रण ठेवून गेली. आपल्याकडे ही वाट अरुंद होते ती बहुतेक वेळा अशा नळीनेच.

इथले प्राध्यापक पांढऱ्या केसांचे होते. कागद बघण्याआधी त्यांनी विचारले, "काय करता?" मी सांगितले. "गाता?" "पोरांबरोबर." त्यांनी ते लिहून घेतले. एवढ्या दिवसांत माझ्या गळ्याचे काम काय, हे विचारणारे पहिले डॉक्टर हे. मग प्रश्नांची सरबत्ती. कधी व्हेंटिलेटरवर होता? नाही. मोठे ऑपरेशन? नाही. क्षय? घरात कोणाला? नाकातून रक्त, सांधे, डोळे लाल? नाही, नाही. मग त्यांनी ह्यांना बाहेर थांबायला सांगितले, नर्सबाईंना दार लोटून घ्यायला सांगितले, आणि आवाज खाली आणून विचारले, "बाई, कधी औषध घेतलं होतं का?"

शहरातल्या वाचकांना हा प्रश्न कदाचित कळणार नाही. आमच्याकडे बागेवर फवारायच्या विषाला औषध म्हणतात. घराघरात त्याचे डबे असतात, आणि ज्या बाईला किंवा शेतकऱ्याला जगणे नको होते ती "औषध पिते". त्यातून जी वाचतात ती बहुधा व्हेंटिलेटरवर दिवसच्या दिवस राहून वाचतात, आणि काही महिन्यांनी अशाच शिट्टीसह या बाकावर येऊन बसतात. नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर ती हे सांगत नाहीत. म्हणून दार लोटायचे. मी नाही म्हटले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, त्यांना ते खरे वाटले असावे, आणि ह्यांना परत आत बोलावले. बाहेर बाकावर बसलेल्या त्या हिरव्या लुगड्यातल्या पोरीकडे मी येताना पाहिले होते. जाताना तिच्याकडे बघवले नाही.

त्यांनी लगेच काही कापायचे ठरवले नाही. आधी कारण शोधायचे म्हणाले, कारण काही रोग असे आहेत की ते मुळात रक्तातले असतात. ते तसेच ठेवून गळा शिवला तर शिवणही खातात. रक्त तपासले, क्षयाची तपासणी झाली, भूल देऊन आतला कणभर तुकडा काढून तपासला. जूनच्या अखेरीला सगळे कागद आले. काहीही निघाले नाही. तेव्हा माझ्या दुखण्याला नाव मिळाले: इडिओपॅथिक. कारण न सापडणाऱ्या रोगाला डॉक्टर असे म्हणतात. शब्द ग्रीक, आणि त्याचा मुळातला अर्थ साधारण असा, की ज्याचे त्याचे, स्वतःचे दुखणे. कोणाकडून आलेले नाही, कशातून उद्भवलेले नाही, आपलेच आपले. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला हा शब्द आवडायला हवा होता. मला मात्र पंपवाल्या डॉक्टरांची धूळ आठवली. निदान ती दिसत तरी होती.

प्राध्यापकांचे मत पुण्याहून वेगळे पडले. तोंडावाटे दुर्बीण घालून त्या कड्याला दोन-तीन चिरा द्यायच्या, फुग्याने वाट रुंद करायची, आणि व्रण पुन्हा चढू नये म्हणून तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यायचे. बाहेरून टाका नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घर. पण अरुंदपणा पुन्हा येऊ शकतो, आणि आला की पुन्हा मुंबई, पुन्हा भूल, पुन्हा फुगा. मी त्यांनाही पुण्याचाच प्रश्न विचारला. ते हसले. "फुग्याने रुंदावलेले पुष्कळ. कापून शिवलेले त्यामानाने कमी. पुण्यात उलटं असेल. आम्ही दोघंही आपापल्या हाताला जे सवयीचं तेच सांगतो, हे लक्षात ठेवून ऐका." मग म्हणाले, त्यांचेही खोटे नाही, माझेही नाही.

दोन्ही खरे असतील तर मग निवडायचे कसे? माझा भाचा सांगलीला फार्मसी शिकतो. त्याने २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध छापून आणला. याच दुखण्याच्या ८१० रुग्णांचा तीन वर्षे मागोवा घेतलेला. मॅट्रिकला इंग्रजीत मला जेमतेम गुण होते. तो निबंध मी शब्दकोश मांडीवर घेऊन सोळा रात्री वाचला. त्या ८१० जणांत ७९८ बायका होत्या. असे का, ते अजून जगात कोणाला सांगता आलेले नाही. बहुतेक साऱ्या गोऱ्या, आणि निम्म्या पन्नाशीच्या आतल्या. तासगावची अर्थातच एकही नव्हती. पण त्या आकड्यांत पहिल्यांदाच मला माझ्याजवळ कोणीतरी बसल्यासारखे वाटले. फुग्याने रुंदावलेल्यांपैकी शंभरात २८ जणींना तीन वर्षांत पुन्हा उपचार लागले. रोगट भाग आतूनच लेसरने काढून वर औषधे दिलेल्यांत १२ जणींना. कापून शिवलेल्यांत शंभरात एकीच्या आसपास. इथवर पुणे जिंकले. पण खाली आणखी एक ओळ होती, आणि ती समजायला मला दोन रात्री लागल्या: कापून शिवलेल्यांचा आवाज पुढे इतरांपेक्षा वाईट राहिला.

किती वाईट, ते मुंबईच्याच रुग्णालयातल्या आवाजाच्या बाईंनी समजावले. बोलायला शिकवणाऱ्या या बाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी माझा सूर मोजला. बोलताना माझे स्वरतंतू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा कंप पावतात, पोरांबरोबर गाताना चारशेच्या वर. हे वर चढणे साधते एका लहानशा स्नायूमुळे. तो अंगठीच्या पुढच्या बाजूला असतो आणि तंतू ताणून धरतो. मी मिरजेचे नाव सांगताच त्या म्हणाल्या, "मग सोपं झालं. तंबोऱ्याची खुंटी." अंगठीची पुढची बाजू काढली, की खुंटी जाते. तार तुटत नाही, वाजते; पण पिळून वर चढवता येत नाही. बोलणे राहील, जरा भरड, जरा पुरुषी. वाघ होता येईल. चिमणी होता येणार नाही.

परतीच्या गाडीत मी ह्यांना विचारले, तुमचे काय मत? ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते; बाहेर काळोख होता, बघण्यासारखे काही नव्हते. "मला तू रात्री झोपेत श्वास घेतेस की नाही ते बघत जागायचा कंटाळा आलाय," ते म्हणाले. तोवर मला ठाऊक नव्हते, की ते जागतात. हे सहावे मत म्हणायचे, आणि खरे सांगायचे तर त्याचे वजन बाकी पाचांहून अधिक भरले. ते ऐकून क्षणभर वाटले, पुण्याला फोन करावा आणि एकदाचे शिवून टाकावे.

नाही केला. ठरवताना मी हिशेब घातला तो घरात कुठलाही खर्च करताना घालते तसा: जे परत फिरवता येते ते आधी. फुग्याने वाट उघडून बघितली आणि ती मिटली, तर कापून शिवायची वाट मोकळीच आहे. आधी कापले, तर खुंटी परत बसवता येत नाही. फुगा दोन वेळा, तीन वेळा करून बघावा. दोन खेपांतले अंतर कमी होऊ लागले, वर्षाचे सहा महिने आणि सहाचे तीन झाले, की मग आपणहून पुण्याला जावे आणि मान खाली घालून दहा दिवस बसावे. हे मी प्राध्यापकांना सांगितले. त्यांनी मान हलवली, आणि एक ताकीद दिली. तोवर वाट पाचाच्या आत गेली, बसल्या जागी शिट्टी वाजू लागली, तर मुंबईची गाडी धरायची नाही आणि कोणाचे मत विचारत बसायचे नाही. जवळच्या रुग्णालयात जायचे, आणि तिथे गळ्याला भोक पाडतो म्हणाले तर पाडू द्यायचे. मिरजेच्या डॉक्टरांचे मत चुकीचे नव्हते; त्याची वेळ आली नव्हती, एवढेच. त्यांनी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहून दिली आहे. हा दमा नाही, वाट अमुक ठिकाणी अरुंद आहे, भूल देताना नेहमीची नळी जाणार नाही, लहान घ्या. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी पाकिटात ठेवली आहे, रेशनकार्डाच्या झेरॉक्सजवळ.

तारीख मिळाली ती दिवाळीच्या सुट्टीतली. त्यामुळे बिनपगारी रजा पडणार नाही. फराळ यंदा नणंदबाई करणार आहेत. चिरोटे नकोत म्हणून मी सांगून ठेवले आहे, त्यांना ते येत नाहीत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मी बहुधा परळच्या त्या वॉर्डात असेन, किंवा तिथून परतही आलेली असेन.

सप्टेंबरात शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा आवाजाच्या बाईंनी शस्त्रक्रियेपूर्वीचा माझा आवाज नोंदवून घेतला. कोणतीही शस्त्रक्रिया असो, आधीचा आवाज जवळ असावा म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर वाचायला एक छापील उतारा होता, आणि मी लेखिका आहे हे कळल्यावर त्यांनी आग्रह केला, तुमच्या कादंबरीतलं काही वाचा. मला ते पाठ नव्हते. जे पाठ होते ते मी म्हटले: वर्गाची हजेरी. एकतीस नावे, आमच्या शाळेत म्हणतात तशी, गाण्याच्या चालीत. प्रत्येक नावापुढे सवयीने "हजर" ऐकायला थांबत होते, म्हणून नोंद लांबली. सव्वीसाव्या नावाला श्वास संपला आणि शिट्टी वाजली. बाईंनी विचारले, तेवढं पुसून पुन्हा म्हणायचं का? मी म्हटले, राहू दे. आणि उरलेली पाच नावे घेतली.